उरलेलं पुढच्या तासाला

अहो, मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही तिकडून "जाऊ दे की गं" म्हणायच्या आत माझं सांगून झालेलं असेल.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगतो. सर फार शांत होते, कोणाला वाकडं बोलले नाहीत, कधी कशाची तक्रार केली नाही. मी मान हलवते. मनात म्हणते, नाही केली म्हणूनच तर सगळ्यांचं फावलं. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. त्यांचं बरोबरच असेल. पण हृदय काही एका दिवसात थकत नाही, आणि तुमचं कुठून कुठून थकत आलं होतं ते मला माहीत आहे. तुमच्या वाटणीचा रागसुद्धा या घरात मलाच करावा लागायचा. "तुझी जीभ म्हणजे दाभण आहे," म्हणायचात. असू दे. दाभणाशिवाय पोत्याचं तोंड शिवलं जात नाही, हे तुम्हीच मुरुडला शिकलात.

तेरावं झालं आणि मोठे सर घरी आले. तुमचे विभागप्रमुख. तुम्ही घरातसुद्धा त्यांना मोठे सरच म्हणायचात, त्यामुळं आपल्या पल्लवीला लहानपणी ते कोणी काका वाटायचे. मी त्यांना ती मागच्या पायाला हलणारी खुर्ची दिली. चहा दिला तो बिनसाखरेचा. त्यांना शुगर नाही, मला ठाऊक आहे. बिचाऱ्यांनी सगळा संपवला आणि म्हणाले, "वहिनी, चहा छान झालाय." खोटं बोलायची सवय किती पक्की असते बघा.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मुद्द्यावर आले. कॉलेजात शोकसभा ठेवली आहे. तुमच्या नावानं दरवर्षी एक स्मृतिव्याख्यान सुरू करायचं त्यांच्या मनात आहे, आणि पहिलं ते स्वतःच देणार. "विषय बालाजी सरांच्या आवडीचाच घेतो. महामारीत कोणता देश का बुडाला, कोणता का सावरला. घरच्यांची संमती असली की झालं."

मी विचारलं, "सर, यांची ती ऑनलाइन लेक्चरं तुमच्याकडं असतील ना? पल्लवीला आवाज ऐकायचाय."

"ते का? जुनं सगळं उडून गेलं, वहिनी. जागा भरली होती."

तुमचा आवाज त्यांनी जागा भरली म्हणून पुसला. मी संमतीचं शोकसभेतच सांगते म्हणाले आणि ते गेल्यावर कप दोनदा घासला.

तुम्ही म्हणाल, कोणी केलं ते सोड, का झालं, कामून झालं ते बघ. आपलं आयुष्यभराचं भांडण तेच. लातूरला एम.ए.च्या वर्गातसुद्धा तुम्ही हात वर करून 'कामून' विचारायचात आणि मी मागून 'कोणी' विचारायचे. तिथल्या सरांनी एकदा वैतागून म्हटलं होतं, तुम्ही दोघं एकमेकांशी लग्न करा आणि आम्हाला शिकवू द्या. आपण ऐकलं त्यांचं. प्राध्यापकीची सेट परीक्षा मी तुमच्या आधी पास झाले, हे तुम्ही पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगायचात. पण एका घरात दोघं तासिका तत्त्वावर म्हणजे दोघांचेही उन्हाळे उपाशी. जेवढे तास घ्याल तेवढ्याचाच पगार, सुट्टीला नाही, आजारपणाला नाही, आणि दर जूनला पुन्हा नव्यानं मुलाखत. म्हणून मी इंग्लिश स्कूलमध्ये पोरांना पाढे शिकवत राहिले आणि तुम्ही नांदेडला त्या स्टाफरूममध्ये पाण्याच्या फिल्टरजवळच्या बाकावर बसत राहिलात. गादीच्या खुर्च्या कायम झालेल्यांच्या. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण कोणी चुकूनही बसत नसे.

मग महामारी आली आणि सगळं बंद झालं. मोठ्या सरांचा पगार महिन्याच्या महिन्याला येत राहिला आणि तुमचे तासच नाहीत म्हणून तुम्हाला पगार नाही. त्या दिवाळीच्या सुमारास आपण मुरुडला माझ्या माहेरी, अप्पांकडं गेलो. आडतीचं दुकान सुरू होतं, कारण धान्याला कोण थांबवणार? हमाल कमी होते. तुम्ही शर्टाच्या बाह्या वर केल्या, दाभण घेतलं आणि सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवायला बसलात. हमाल तुम्हाला "सर, सुतळी" म्हणून सुतळी द्यायचे. मी उठून आत जायचे. तुम्ही मात्र टाके सरळ पडले की खूश.

अप्पांनी गादीवरून विचारलं ते मला अजून ऐकू येतं.

"जावईबापू, आजार तर एकच हाय. मग एक देश उठून उभा राहून राहिला, दुसरा आडवाच, ह्ये कामून?"

तुमचे डोळे असे चमकले! कितीतरी महिन्यांनी कोणीतरी तुम्हाला प्रश्न विचारला होता.

"अप्पा, माहूरला नवरात्र झालं का औंदा?"

"कुठलं? देवीचं दारच बंद."

"मग तांबूल कुटणारा बसला, ओटीचं सामान विकणारी बसली, लॉजवाला बसला. जगात असे देश हायत, बेटंच्या बेटं, पाव्हणा आला तर चूल पेटते. विमानं थांबली अन् त्यांचं माहूर झालं. तुमचं सोयाबीन कसं, गोदामात थांबतंय. महिन्यानं विकलं तरी सोयाबीनच. तांबूल उद्या विकता येत न्हाई."

"आन् लातूरचे क्लासवाले?"

"ते फोनमधी शिरले. ज्याचं काम फोनमधी शिरतं त्यो वाचला. न्हाव्याचं शिरत न्हाई, हमालाचं शिरत न्हाई. ज्या देशात टेबलावर बसून काम करणारी माणसं जास्त, त्याला मार कमी."

अप्पा गमतीत आले. "मंग मुरुड कोणता देश म्हणावा?"

"मुरुड म्हंजे पोटाला लागणारं विकणारा देश. वाकला, मोडला न्हाई."

दोन हमाल हात थांबवून ऐकत होते. तुम्ही पुढं सांगितलं की काही सरकारांची पतच अशी, की सारं जग त्यांना उधार देतं. जर्मनीसारख्या देशानं मालकांना सांगितलं, माणूस काढू नका, त्याच्या पगाराचा मोठा वाटा आम्ही उचलतो. माणूस घरी बसला, पण पटावर राहिला, आणि दार उघडलं की आपल्या जागेवर जाऊन बसला. आपल्याकडं रेशनला धान्य आलं, ते खरं, त्यानं कितीतरी चुली चालल्या. पण इथं कामाला जाणाऱ्या बहुतेकांचं नाव कुठल्याच पटावर नाही. मग पगार चालू ठेवा म्हणून सांगायचं कोणाला?

"म्हंजे तुमच्यासारखं," अप्पा म्हणाले.

तुम्ही हसलात आणि सुतळी दातानं तोडली. मला हसू आलं नाही, आणि अप्पांनाही नंतर आलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा बंद झालं, तेव्हा मोठ्या सरांचा फोन आला. पोरांचं नुकसान होतंय, तुम्ही ऑनलाइन तास घ्या. तासिकावाल्यांना कॉलेजाचा आयडी मिळत नाही, तर माझ्या आयडीवरून घ्या, नेमणुका निघाल्या की तास धरून टाकू. तुम्ही लगेच हो म्हणालात. मी म्हटलं, लिहून घ्या. तुम्ही म्हणालात, "अगं, मोठे सर आहेत ते." श्रमाचं अर्थशास्त्र शिकवणारा माणूस, आणि स्वतःचे श्रम दुसऱ्याच्या नावावर टाकताना त्याला एक कागद मागवेना! असली चूक जगातला दुसरा कोणता माणूस करेल? तासिकावालाच करेल. त्याला पुढचा जून दिसत असतो.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत तुमचा वर्ग भरायचा, कारण रेंज तिथंच यायची. मी पलीकडं कुरडया वाळत घालायचे. पडद्यावर नाव मोठ्या सरांचं, आवाज तुमचा. पोरं तास संपला की मोठ्या सरांचं नाव घालून धन्यवाद टाकायची, मग कोणीतरी पोरगं हळूच लिहायचं, 'आणि बालाजी सरांना पण.' अप्पांना सांगितलेलं सगळं तुम्ही त्या वर्गाला सांगितलंत, नीट वाढवून, देशांची नावं घालून. माहूर मात्र वगळलं नाहीत. शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "एक कारण अजून राहिलंय, सगळ्यात महत्त्वाचं. ते उरलेलं पुढच्या तासाला."

तासच आला नाही. संध्याकाळी फोन आला, पोर्शन झालाय, आता थांबवा. नेमणुका निघाल्या तेव्हा कळलं की ते ऑनलाइन तास विभागप्रमुखांनी स्वतः घेतले असं वर कळवलं गेलंय. त्यामुळं तासिकावाल्यांचे तास कुठून असणार? तुमच्या अनुभवातून ते वर्ष गळालं. कायमच्या जागेची मुलाखत आली तेव्हा त्या गळालेल्या वर्षावर बोट ठेवून तुम्हाला बाहेर बसवलं. ठेवणारं बोट कोणाचं, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. शेख मॅडमनी सांगितलं. हिंदीच्या तासिकावाल्या, तुमच्या बाकावरच्या. त्या तेव्हासुद्धा माझ्यासारख्याच पेटल्या होत्या.

आणि मग ते भाषण सुरू झालं. मोठे सर आज निलंग्याला, उद्या लातूरला, परवा कुठल्या तरी परिषदेत. मी एकदा मुद्दाम जाऊन मागं बसले. शब्द न् शब्द तुमचा. 'पाहुणा आला तर चूल पेटते' हेसुद्धा! फक्त तुमचं जिथं थांबलं होतं, बरोबर तिथं आल्यावर ते पाणी प्यायले आणि आपल्या महान कुटुंबव्यवस्थेकडं वळले. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी भांडी आपटली. तुम्ही म्हणालात, "विचार पोचतोय ना लोकांपर्यंत? मग कोणाच्या का तोंडून पोचेना." त्या रात्री मी तुमच्याशी बोलले नाही, आणि आज तुम्ही समोर असतात तरी बोलले नसते.

ते उरलेलं कारण फक्त मी ऐकलं. तास थांबवल्याचा फोन आला त्याच संध्याकाळी, गच्चीवर. तुम्ही फोन पालथा ठेवला आणि माझ्यासोबत कुरडया उलटायला बसलात.

"बघ," म्हणालात, "पैसेवाले देशही आपटले आणि बेताचेही काही सावरले. मग नुसत्या पैशानं भागत नाही. आजार यायच्या कितीतरी आधी प्रत्येक देशानं एक गोष्ट ठरवलेली असते. बुडालं तर कोणाचं बुडायचं. कुठं ठरलेलं असतं, सगळ्यांचं थोडं थोडं. कुठं ठरलेलं असतं, जो दाराबाहेर आहे त्याचं सगळं. आजार नुसता आला. बाकी ठरल्यासारखं झालं."

मी विचारलं, "ठरवलं कोणी?"

तुम्ही एक कुरडई उचलून मुठीत धरलीत. तिचा चुरा झाला.

"तेच तर उरलेलं कारण आहे," म्हणालात. "कामून खोदत गेलं की तळाशी कोण निघतं. ठरवणारा माणूस असतो. दिल्लीत असतो, तसा आपल्या स्टाफरूममध्येही असतो. पण हे वर्गात उभं राहून बोलायला छाती लागते. ती तुझ्याकडं आहे. माझ्याकडं नाही."

म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला माझं पटलेलं होतं! आणि भांडत होतात! तुमच्या या एका लबाडीवर मी जीव ओवाळून टाकीन, बाकीच्यांच्या लबाड्यांचं मात्र बघून घेईन.

शोकसभेचं सांगते. कॉलेजाकडं तुमचा फोटो नव्हता. अर्धं आयुष्य शिकवलंत तिथं, आणि फोटो पल्लवीला फोन करून मागवला. हार मोठा होता, झेंडूचा. मोठे सर बोलायला उठले. मनमिळाऊ, कष्टाळू, विद्यार्थिप्रिय. मग आवाज खाली आणून म्हणाले, "महामारीनं गरीब पाहिला नाही, श्रीमंत पाहिला नाही. सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं. त्या मारातून बालाजी सर मनानं कधी उठलेच नाहीत."

तुमचंच भाषण गावोगाव देणारा माणूस, तुमच्या फोटोपुढं उभा राहून त्याच्या नेमकं उलटं बोलला. पाठ केलं होतं, कळलं नव्हतं.

मग मला दोन शब्द बोलायला बोलावलं. सगळ्यांनी रुमाल तयार ठेवले होते. मी रडले नाही. मी म्हटलं, "सर, एकच विचारते. तुमच्या त्या भाषणात देश कशावर जगतो ते येतं, काम घरून होतं का ते येतं, सरकारची पत येते. मग तुम्ही पाणी पिता आणि कुटुंबव्यवस्थेवर जाता. मधलं एक कारण राहतं. ते कोणतं?"

"वहिनी, ही वेळ..."

"वेळ हीच आहे. तुम्हाला ते माहीत नाही, कारण ते सांगायच्या आधीच तुम्ही यांचे तास बंद केले. पडद्यावर नाव तुमचं होतं, आवाज यांचा होता. आवाज जिथं थांबला, तिथं तुमचं भाषण थांबतं."

मागून एक मुलगा उभा राहिला. दाढी आलेली, आता कुठं तरी नोकरीला असावा. "मॅडम खरं सांगून राहिल्या. आम्ही समदे होतो त्या वर्गात. आवाज बालाजी सरांचाच होता." शेख मॅडम "या अल्ला" म्हणाल्या ते पार स्टेजपर्यंत आलं. प्राचार्यांनी मान वळवून मोठ्या सरांकडं पाहिलं, आणि अहो, तो चेहरा! तुम्ही बघायला हवा होतात. मला फार समाधान वाटलं. ते लपवत नाही.

मोठे सर तरी सावरले. हसून म्हणाले, "मग तुम्हीच सांगा ना, वहिनी. सगळे ऐकायला उत्सुक आहेत."

"फुकट नाही," मी म्हटलं. "या घरातून फुकट खूप गेलंय. तास लावा. माझ्या नावानं लावा, मस्टरवर माझी सही घ्या, मग सांगते. आणि त्या व्याख्यानाला आमची संमती नाही."

खाली येऊन बसले. दोन मिनिटं स्तब्ध राहा असं कोणाला सांगावं लागलं नाही.

आठवड्यानं प्राचार्यांचा फोन आला. वर्षाच्या मध्यात तुमच्या जागेवर कोणी मिळत नव्हतं. "ताई, तुमची सेट झालीय ना?" मुलाखतीला मोठे सर समोर होते. ते सगळा वेळ पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

शेख मॅडम गेटपर्यंत माझ्यामागं आल्या. "भाभी, त्या माणसाच्या हाताखाली काम करणार? कामून आगीतून फुफाट्यात उडी मारून राहिल्या? जूनला काढतील तुम्हाला."

"हाताखाली नाही," मी म्हटलं, "डोळ्यासमोर. काढतील तोवर रोज फिल्टरजवळच्या बाकावर बसणार. पाणी प्यायला तर उठावंच लागेल त्यांना."

त्या हसल्या, मग रडल्या. मीही रडले, आता तुमच्यापाशी काय लपवायचं. तुमच्या तासाला जायला तुम्हीच नसावं, हे मला अजून खरं वाटत नाही. सकाळी डबा भरताना हात दोन डब्यांकडं जातो. पल्लवी म्हणते, आई, एकदा बाबांच्या आवाजात बोल ना गं. मी करून दाखवते. नीट जमत नाही. त्यासाठी तर मी त्या माणसाला कधीच सोडणार नाही. पुढचा जून काय, त्याच्या निवृत्तीचा दिवस उजाडला तरी नाही.

सोमवारी पहिला तास आहे. फळ्यावर आधी तुमचं नाव लिहीन, पूर्ण, वडलांच्या नावासकट. मग उरलेलं कारण सांगीन, आणि पोरांना विचारीन, ठरवलं कोणी? दार उघडं ठेवणार आहे. मोठ्या सरांची केबिन समोरच आहे, आणि माझा आवाज किती लांब जातो ते तुम्हाला माहीतच आहे.